उन्हातल्या चपला

सौ. विहीणबाईंना, मु. पारगाव,
नमस्कार.

सोनल दुपारी तुमच्याशेजारी बसून जी जपानी कार्टूनची मालिका बघते, ती मीही फोनवर बघते. खालची हिंदी अक्षरं वाचायला मला ती मधेमधे थांबवावी लागते, पण मालिका चांगली आहे. त्यात कुणी ओरडत नाही. माणसं भांडी घासता घासता आपलं दुःख सांगतात.

परवा सोनल फोनवर म्हणाली, "आई, ती विधवा नवऱ्याचे बूट उन्हात ठेवते ना, तिथं सासूबाई लई रडल्या. मीच डोळे पुसले त्यांचे."

खरं सांगते, माझ्या पोटात दुखलं. तुमचे मालक ओट्यावर पेपर वाचत बसलेले असतात. तुम्हाला रडायला काय झालं? मी तीन वर्षं ह्यांच्या चपला उन्हात ठेवते. सोनल माहेरी आली की म्हणते, "उचल की गं त्या, पायात येतात."

शेवटचा भाग मी बघितलेला नाही. तुम्हीही बघू नका. दिवाळीला तो मला लेकीशेजारी बसून बघायचाय, आणि रडायचंय.

पण लेकीच्या आईनं विहिणीकडं काही मागायचं नसतं. म्हणून हे पत्र माझ्याच डब्यात ठेवते आणि तुम्हाला नुसत्या कुरडया पाठवते.

तुमची विहीण,
शालन, डिंगोरे