ग्रीनलंड माझ्या बाजूने

इलेक्ट्रॉनिक सिटी, बेंगळुरू

तीर्थरूप कृष्णाजीदादांस,

आपल्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. (जावयाने एवढं वाकायचं नसतं म्हणतात, पण आज वाकतो.) आपला गुडघा, वहिनींची साखर आणि निपाणीची उन्हं, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही बरे आहोत. हेमाची तब्येत तर जिंकलेल्या माणसाची असते तशी आहे.

पहिल्यांदा आभार, आपण पाठवलेल्या नकाशांच्या पुस्तकाबद्दल. जन्मभर भूगोल शिकवलेल्या माणसाने दिलेलं पुस्तक, तेव्हा त्यावरून आमच्या घरात भांडण होईल असं आपल्या मनातही आलं नसणार. आपल्याला ठाऊकच आहे, शार्दूल डेन्मार्कला, सून तिकडचीच, आणि चार वर्षांच्या शाल्मलीला मराठीचा गंध नाही. चूक कोणाची यावर आम्ही बोलत नाही, कारण सून गुणी आहे आणि मुलगा आपलाच आहे. पण दर रविवारी ती फोनवर दिसायची, आम्हा दोघांना न्याहाळायची आणि पळून जायची. नात असून तिच्याशी एक शब्द बोलता येऊ नये, याचं मला फार वाईट वाटायचं. म्हणून ती सगळी इकडे येणार असं ठरल्यावर मी कंबर कसली आणि फोनवरच्या शिकवणीतून डॅनिश शिकायला लागलो. नेमकं त्याच वेळी आपल्या भगिनीने समोरच्या दारातल्या विमलामामींकडे तमिळ सुरू केलं. कारण काय, तर मामींना थालीपीठ शिकायचं होतं आणि फुकट शिकणं त्यांना पटेना. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच, असं मी बोललो. तिथून ठिणगी पडली.

हेमा म्हणाली, तुमची डॅनिश बोलतात तरी कुठे? मी आपलं पुस्तक उघडलं. डेन्मार्क बोटाच्या पेराएवढा निघाला, त्याखाली जर्मनीची एक किनार, वर फेरो बेटांचे ठिपके. मग मी ग्रीनलंडवर अख्खा पंजा ठेवला, तरी तो उरला. (तिथल्या लोकांची घरची भाषा निराळी आहे, हे खालच्या बारीक अक्षरात होतं. चष्मा नव्हता.) हेमाने तामिळनाडू, श्रीलंका, सिंगापूर, मलेशिया, मॉरिशस अशी बोटं टेकवत नेली आणि म्हणाली, तुमच्या ग्रीनलंडात बर्फ बोलतं का? जगातले सगळे डॅनिशवाले आणून बसवले तरी निम्मं बेंगळुरू रिकामं राहील, हेही तिनं ऐकवलं. मी म्हटलं, क्षेत्रफळ ते क्षेत्रफळ.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी मी कसला. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगंबाडी नावाचं गाव आहे आणि तिथे डॅनिश लोकांचा जुना किल्ला आहे, हे मला त्याच पुस्तकात सापडलं. म्हणजे तमिळच्या घरात माझी भाषा. सराव होईल म्हणून हेमाला घेऊन मी बसने तिकडे गेलो. किल्ला आहे, दादा, समुद्रही सुंदर आहे, पण डॅनिश मंडळी तो विकून केव्हाच घरी गेली आहेत. बुरुजावर एक गोरा गृहस्थ दिसला, त्याला मी डॅनिशमध्ये गाठलं. तो फ्रेंच निघाला आणि घाबरून खाली उतरला. आपल्या भगिनीने मात्र तोडक्यामोडक्या तमिळवर खोली मिळवली, माशाचं जेवण मिळवलं, परतीच्या बसला खिडकीची जागासुद्धा मिळवली. मी दोनदा भात घेतला.

मग शाल्मली आली. माझ्या फोनने मला सहा महिन्यांत जी वाक्यं शिकवली, त्यातलं एकच न अडखळता येत होतं: कासव दूध पितं. नातीला पहिल्या भेटीत मी तेच सांगितलं. ती आईच्या मागे लपली. सुनेने कौतुक केलं आणि शार्दूलला हळूच विचारलं, बाबा आज मराठी वेगळं का बोलतायत?

दोन दिवस पोर जेवणाच्या टेबलाखाली बसून होती. तिसऱ्या दिवशी विमलामामी दहीभाताचं पातेलं घेऊन आल्या आणि हेमाशी तमिळमध्ये बोलू लागल्या, तशी टेबलाखालून शाल्मली बाहेर आली आणि स्वच्छ तमिळमध्ये म्हणाली, मलाही हवाय, मिरची काढून. मामींच्या हातातून डाव सुटला. शार्दूलने कपाळावर हात मारला. तिकडे त्यांच्या शेजारी एक श्रीलंकेच्या आजी राहतात, ही दोघं ऑफिसातून येईपर्यंत पोरीला त्याच सांभाळतात. त्या डॅनिशच बोलत असतील असं आमचे विद्वान धरून चालले होते. हेमाचं तमिळ चार वर्षांच्या पोराएवढं, आणि समोर पोर चार वर्षांचंच. दोघींचं असं जमलं की जाताना विमानतळावर शाल्मली हेमाचा पदर सोडेना.

दादा, त्या आजींचं नावही मला माहीत नाही. श्रीलंकेतल्या लढाईत घरदार सुटलं, बाई त्या थंडीत जाऊन राहिली, आणि आपली भाषा माझ्या नातीच्या तोंडी ठेवली. त्यांचे, विमलामामींचे आणि आपल्या पुस्तकाचे उपकार मी विसरणार नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
सूर्यकांत

ता. क. एक काम होतं. हेमाच्या शिकवणीला मलाही बसायचं आहे. ती म्हणते, तुमची भाषा क्षेत्रफळाने मोठी आहे, ग्रीनलंडशी बोला. मोठ्या भावाचा शब्द ती मोडत नाही.

ता. क. दुसरा. मी असं लिहिल्याचं तिला कळू देऊ नका.

ता. क. तिसरा. रविवारी फोन ठेवताना शाल्मली माझ्याकडे बोट दाखवून हेमाला दर वेळी एकच काहीतरी विचारते आणि हेमा तिला हळू आवाजात उत्तर देते. मला सांगत नाही. या रविवारी मामी इथेच होत्या, म्हणून आज त्यांना गाठून विचारलं. पोर विचारते, तात्ता (म्हणजे आजोबा) माझ्याशी का बोलत नाहीत? आणि हेमा दर वेळी सांगते, शिकतायत गं, जरा थांब.

तेव्हा दादा, उत्तर लिहीत बसू नका. रविवारच्या आत हेमाला फोन करा.