चार भोंगे, एक मशीन

७ एप्रिल १९७४, रविवार

ठरलं! यंदा जयंतीची मिरवणूक चौकातूनच जाणार. आणि जीपवरचे भोंगे मी सांभाळणार. पुंजाजीबाबांनी, वस्तीतले सगळ्यात जाणते तेच, बैठकीत माझं नाव घेतलं. पोरगा रिसोडला रेडिओच्या दुकानात काम करतो, मग बाहेरचा माणूस कशाला, म्हणाले.

गेल्या वर्षीचं आठवलं की अजून अंगाची आग होते. भाड्याच्या माणसानं चारही भोंगे एकाच जोडीच्या तारांना बांधले आणि नेमकं चौकाच्या तोंडाशी आवाज वाढवायचं मशीन जळलं. पारावरचे हसले, शिट्ट्या मारल्या. आम्ही मुकाट मागे फिरलो. यंदा चौकात आवाज बसला तर मी गावात तोंड दाखवणार नाही.

८ एप्रिल

आई खाटेवरून म्हणाली, "मले इथं ऐकू आलं पाह्यजे, बापू. मी काई येत नाही आता." कमरेचं हाड मोडल्यापासून ती उठत नाही. माझी बहीण भागिरथा तिच्याजवळ थांबेल. बाकी वस्ती झाडून मिरवणुकीत. जयंतीला मागे राहायचं नाही, अशी रीतच आहे आमच्याकडे.

१० एप्रिल

पुंजाजीबाबांसोबत उकंडरावांकडे गेलो. निम्मं शिवार त्यांचं, चौकही त्यांच्याच शब्दावर चालतो. वाटलं होतं, भांडतील. तर हसले! ओसरीवर बसवून कपबशीत चहा दिला. आजवर कधी दिला नव्हता.

"वाजवा न बापा. चांगलं मोठ्यानं वाजवा," म्हणाले. "साऱ्याइले घेऊन या. घरी कोनी राहू नोका."

येताना बाबांनी दोनदा मागे वळून पाहिलं. मग म्हणाले, "भांडला असता तं बरं वाटलं असतं." मला ते पटलं नाही — पण झोप काही लागत नाही.

११ एप्रिल

मानोऱ्याकडच्या तांड्यावरून देवला जीप घेऊन आला. गाडी त्याची, भोंगे आमचे. त्याचाही हट्ट तोच — सगळे एकाच तारांना बांध, आवाज जास्त येतो. समजावलं. एकेक भोंगा आठ ओहमचा. चारही तसे बांधले की भार दोनवर उतरतो, आणि आकडा जितका खाली तितका मशीनवर ताण जास्त; या मशीनला चारच्या खाली सोसत नाही. ऐकेना. बांधून दाखवलं. आवाज दणदणीत आला खरा — थोड्या वेळानं मशीनला हात लावला तर चटका! मेण वितळल्यासारखा वास. झटकन बंद केलं.

मग माझ्या पद्धतीनं जोडलं. दोन भोंगे एकापुढे एक, दुसरे दोन तसेच. त्या दोन जोड्यांच्या तारा मशीनवर एकत्र. एकेक जोडी सोळाची, दोन्ही एकत्र म्हणजे निम्मं, हिशेब पुन्हा आठवर. तरी आवाज पोकळ येत होता. एका भोंग्याच्या तारा उलट लागल्या होत्या, एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढत होता. पालटल्या. बराच वेळ वाजवलं, मशीन गार. देवला माझ्याकडे बघत नुसता मान हलवत राहिला. मला फार बरं वाटलं.

१२ एप्रिल

गिरणीवर गेलो की माणसं बोलता बोलता थांबतात. दुकानात रॉकेल नाही. परवाच पिंप आलं होतं!

१३ एप्रिल

शेवटची चाचणी. जीप चौकापलीकडे उभी करून वाजवलं, भागिरथा घरून धावत सांगत आली — आईला खाटेवर नीट ऐकू येतं.

पुंजाजीबाबा मात्र बेचैन. जवान पोरं सगळी जीपभोवती ठेवायची, म्हणाले. दगड आले तर चौकातच येतील. मलाही तेच वाटतं. भीती वाटते, खोटं कशाला लिहू. पण आवाज बंद करणार नाही. डोकं फुटलं तरी नाही.

१४ एप्रिल

सगळ्या जोडण्या पुन्हा घट्ट केल्या. वंदना झाली. निघतो.

२१ एप्रिल

आई गेली. आम्ही चौकात होतो तेव्हा उकंडरावांच्या माणसांनी वस्तीची मागची रांग पेटवली, आमच्या घरासकट. भागिरथाला एकटीला खाट हलवता आली नाही.

मशीनला काही झालं नाही. आवाज कुठेच बसला नाही. चौकात एक दगड आला नाही, पारावर माणूस नव्हता. मला आनंद झाला होता. तेवढ्यात भागिरथा गर्दीतून जीपसमोर आली. हात वर केलेले, तोंड उघडं. मला वाटलं, गाते आहे.

मी आवाज वाढवला.