भाऊबीजेची इजाजत

फ्रीगंज, उज्जैन
१५ ऑक्टोबर १९५६

चि. सुलूस,

दुर्गावहिनीचे दसऱ्याचे आशीर्वाद. मी बरी आहे. तू पोटभर जेवत जा.

काल दसरा झाला. यंदा घरी गोडाधोडाचं केलं नाही. शेजारचे भय्यासाहेब सोनं दारातूनच देऊन गेले. टावर चौकात रंगारी पाट्यांवरचं 'मध्यभारत' खरवडून 'मध्यप्रदेश' लिहितोय. येत्या एक तारखेपासून आपलं राज्य बदलणार. भय्यासाहेब म्हणाले, "वहिनी, घरबसल्या परप्रांतात पोचलो, तिकीटसुद्धा लागलं नाही!"

तू प्रत्येक पत्रात एकच विचारतेस, दादा का आला नाही? त्यांना प्रवास जमण्यासारखा नाही, एवढंच समज. भाऊबीजेला मी येण्याच्या खटपटीत आहे. दर वर्षी ते तुझ्याकडून ओवाळून घेऊन परत यायचे आणि चपला काढायच्या आधी सांगायचे, "सुलू आज हसली. म्हणाली, दादा, टक्कल वाढलं." मग मला बरं वाटायचं.

लोकरीचा स्वेटर विणून झाला आहे. बाह्या जरा लांब झाल्यात, दुमडून घाल.

तुझी,
दुर्गावहिनी


फ्रीगंज, उज्जैन
२४ ऑक्टोबर १९५६

मा. डॉक्टरसाहेबांस,

स. न. वि. वि. मी तुमच्या मानसिक इस्पितळातल्या सुलोचनेची भावजय. माझे यजमान, म्हणजे तिचे दादा, आषाढात वारले हे तेव्हाच तुम्हाला कळवलं होतं. धक्का बसेल, तिला इतक्यात सांगू नका, असं तुमचं उत्तर आलं. तुम्ही शिकलेले, म्हणून मी ऐकलं. तेव्हापासून तिला पत्र लिहिताना मी एका मेलेल्या माणसाच्या तब्येतीबद्दल लिहिते.

गेल्या महिन्यात मी भेटीला आले होते. तुमच्या बाबूंनी फाटकापाशीच सांगितलं, "मुलाकात उन्हीं की होती है जिन्होंने भर्ती कराया. उनके दस्तखत लाइए." मी म्हटलं, "वे नहीं रहे." तर म्हणाले, "फिर तो नया हुक्म लगेगा, बाई. और अब सब भोपाल से होगा. पहली नवंबर के बाद पूछना." भाऊ मेला की बहिणीला भेटणारं कुणी उरत नाही, असा हा नियम आहे. तिच्या सासरचं कुणी आजवर फिरकलेलं नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

आता तुम्ही स्वतः भाऊबीजेची इजाजत देताय, त्याबद्दल आभार. पण तुमची अट आहे की मी कुंकू लावून आणि मंगळसूत्र घालून यावं, म्हणजे तिला संशय येणार नाही. तुम्ही तिच्या भल्यासाठीच लिहिलंत, मला कळतं. काल दार लावून मी आरशासमोर कुंकू लावून पाहिलं. थोडा वेळ तशीच बसून राहिले. खोटं कशाला बोलू, उठवेना. मग पुसलं.

डॉक्टरसाहेब, मी आहे तशीच येईन. आत सोडलं नाहीत तर फाटकाबाहेर बसेन, आरडाओरडा करणार नाही. मी शाळेत गेले नाही, वाचनालयातली पुस्तकं अक्षर अक्षर लावून वाचायला शिकले. तुरुंगातल्या माणसालाही घरची पत्रं आणि भेट मिळते, असं त्यात वाचलंय. आमची पत्रं तुम्ही वाचता, खुशाल वाचा. पण ती तिला द्या, आणि तिची मला पाठवा. तिचा भाऊ गेला आहे. तिला रडू तरी द्या.

आपली नम्र,
दुर्गा


फ्रीगंज, उज्जैन
६ नोव्हेंबर १९५६

चि. सुलूस,

अनेक आशीर्वाद. परवा सुखरूप पोचले. देवास गेटला मोटारीतून उतरले तर भय्यासाहेब कंदील घेऊन उभे. "डॉक्टरनं तुम्हालाच ठेवून घेतलं की काय, वाटलं!" म्हणाले. खूप दिवसांनी मी हसले.

तू सांगितलंस तसं भेटीचं सगळं लिहून पाठवते आहे.

तुला व्हरांड्यात आणलं. डॉक्टर बाजूला उभे होते. तू माझ्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलंस, मग माझ्या मागे, आणखी कुणी येतंय का ते. मग हळूच म्हणालीस, "म्हणजे आज मला चंद्राला ओवाळायचं."

तिथली बाई लगेच म्हणाली, "लो, फिर चाँद-वाँद शुरू हो गया इनका!" आणि तुझा दंड धरायला आली. तिचा दोष नाही. ज्या बहिणीला भाऊ नाही, ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, हे तिला कुठून ठाऊक असणार? डॉक्टर मात्र आपल्यातले. त्यांनी तिला हातानं थांबवलं. म्हणाले, "रहने दो. ये बिलकुल ठीक कह रही हैं." आणि चष्मा पुसत लांब जाऊन उभे राहिले.

मग आपण दोघी रडलो. कुणी अडवलं नाही. स्वेटरच्या बाहीला तू डोळे पुसलेस, तेव्हा बाह्या लांब झाल्या ते बरंच वाटलं.

निघताना तू माझा पदर धरून म्हणालीस, "मी श्रावणातच म्हटलं होतं, दादा गेला. हे लोक म्हणाले भास आहे, आणि औषध वाढवलं. वहिनी, तू गेलीस की हे पुन्हा तसंच म्हणतील. मला लिहून दे."

डॉक्टरांनी ते ऐकलं. भोपाळचा हुकूम येईल तेव्हा येईल, तोवर दर महिन्याला या, असं ते मला म्हणाले. हे पत्र ते आधी वाचतील, पण एकही ओळ न खोडता तुझ्या हातात देतील, असं त्यांनी कबूल केलंय.

तर आता लिहिते. त्यांचं नाव मी उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही, लिहिलं तर कधीच नाही.

तुझा दादा, श्रीपाद, आषाढात एका पहाटे घरीच वारला. छातीत कळ आली. मी जवळ होते. अखेरीस तुझं नाव घेतलं असं लिहिलं असतं तर तुला बरं वाटलं असतं, पण खोटं लिहिणं आता पुरे झालं. ते काहीच बोलले नाहीत, माझा हात तेवढा धरला होता. दहावं राम घाटावर झालं. पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा मी मोठ्यानं म्हटलं, "सुलूकडे मी बघेन." मग शिवला.

सुलू, हे सगळं खरं आहे. तुला भास झाला नव्हता.

तुझ्या माहेरची,
दुर्गावहिनी