जमिनीला नाव

२ एप्रिल
आलो एकदाचे! परक्या मुलखात घर घ्यायचं म्हणजे धास्तीच होती, पण घर बघताच जीव भांड्यात पडला. दोन खोल्या, उजेडाचं स्वयंपाकघर, आणि मागे अंगण. सगळीकडे दगडी फरशा, फक्त एका फरशीएवढी जागा रिकामी. तिथे गुलाब लावीन.

बॅगा उघडायच्या आधी अंगणात कपड्यांची दोरी बांधली, माझा हात पोचेल एवढ्या उंचीवर. हे हसले. हसू देत. आयुष्यभर दुसऱ्याच्या दोरीवर कपडे वाळत घातलेत मी. माहेरी भावांनी गोड बोलून हक्क सोडल्याची सही घेतली आणि एका साडीवर बोळवण केली. सासरचं घर थोरल्या दिरांच्या नावावर. साठी आली तरी माझं नाव कुठल्या जमिनीला लागलं नाही.

५ एप्रिल
दलाल येऊन गेला. गोडबोल्या आहे. म्हणाला, इथे परदेशी माणसाला घर विकत मिळतं, खालची जमीन नाही. आणि जमिनीला नाव नसेल तर वर्षभरात घरही जातं. हे आता सांगतो! मी चांगलंच फैलावर घेतलं त्याला. तेव्हा कुठे म्हणाला, की एक सोय आहे. घरातल्या एकाच माणसाचं नाव जमिनीला लावता येतं. बाकीचं समजवायला तो ह्यांना बाहेर घेऊन गेला. मला नाही, ह्यांना.

हे परतले ते तोंड पाडून. जेवलेही नाहीत. नाव आपलंच लागावं असं वाटत असणार, दुसरं काय!

९ एप्रिल
नाव लागलं. माझं! कचेरीत मी गप्पच बसले होते, कारण सवय आहे. ह्यांनीच पेन माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, हिचंच लावा. मला भर कचेरीत रडू फुटलं. इतकी वर्षं ह्या माणसाला मी घुम्या म्हणून नावं ठेवली. कारकुनाने मात्र अभिनंदन केलं नाही. तो टेबलाखाली वाकून माझे पाय बघत होता. विचित्रच मेला.

१५ एप्रिल
शेजारीण भेटली. तीही आमच्यासारखीच बाहेरून आलेली, एकटीच दिसते. मी माझ्या नावाचं कौतुक सांगितलं, तर म्हणाली, आमच्याकडे तर ह्यांचं नाव लागलंय. कुठे असतात ते, विचारलं. म्हणाली, अंगणात, आणखी कुठे? मी कुंपणावरून डोकावले. अंगणात कुणीच नव्हतं.

आज कपडे वाळत घालताना टाचा उंचवाव्या लागल्या. दोरी भिजून आटली, असं ह्यांचं म्हणणं. आटलेली दोरी वर जाते?

२० एप्रिल
दोरीला हात पोचत नाही. घरात कपाटाला पोचतो, अंगणात दोरीला नाही. फरशीवर उभी राहिले तर पाय घोट्यापर्यंत दिसेनात. दगडात! ओढून काढले. हे त्याच फरशीवर उभे राहून चहा पीत होते, खुशाल.

एक डुगडुगणारी फरशी उचलून पाहिली. खालच्या अंगाला नाव कोरलेलं. दुसरी उचलली. तिलाही.

२१ एप्रिल
शेजारणीला विचारलं. तिलाच माझं नवल वाटलं. म्हणाली, नाव ज्याचं लागतं ते माणूस जमिनीत जातं, घर मागे राहणाऱ्याला मिळतं. दलाल आधी सांगतो की. आणि माझं तोंड बघून कुंपणापासून मागे सरली. मग हळूच म्हणाली, तुमच्या ह्यांना सांगितलं असेल.

ह्यांना विचारलं. वर्तमानपत्र खाली न ठेवता म्हणाले, तुलाच हवं होतं ना?

भाऊ परवडले. त्यांनी निदान साडी दिली.

२३ एप्रिल
बॅग घेऊन निघाले — पुढच्या दाराने, रस्त्यावर — आणि पाय अंगणात. पुन्हा निघाले. पुन्हा अंगणातच. नखांत माती. धुतली तरी —

२४ एप्रिल
त्या रिकाम्या जागेत उभी आहे. गुडघ्यापर्यंत. वही तेवढी हातात. ह्यांना हाका मारल्या. खिडकीत आले, पडदा ओढून घेतला. दोरी आता त्यांच्या उंचीवर बांधलीय, वर त्यांचे शर्ट —

दुपार
कमरेपर्यंत. पाथरवट आलाय, फरशी घेऊन. दारात ह्यांना विचारतोय, नाव माहेरचं की सासरचं. हे म्हणतात, सासरचंच. एवढं तरी मला विचारा! मी ओरडतेय. त्याला ऐकू जात नाही. माती हनुवटीशी आली. वही वर धरलीय. इथे लिहिते, कुणी वाचलं तर सांगा त्याला — माहेरचं लाव, मा