कोपराला न लावलेलं उटणं

माय, तुझ्यावर माझा गुस्सा आहे आणि आज तो काढायचाच असं ठरवून बसलो आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझ्यावर चिडणारा घरात मी एकटाच उरलो. बाबा तर तुझा विषय निघाला की बैलांना पाणी दाखवायला उठून जातात, मग बैल आत्ताच पाणी पिऊन आलेले का असेनात. तू उटणं करायचीस, माक्याचं तेल करायचीस, टाचांच्या भेगांचं मलम करायचीस, पण किती घ्यायचं, किती वेळ ठेवायचं हे कधी धड सांगितलं नाहीस. विचारलं की एकच, "पाहून समजते बाप्पा." काय समजते? मी पाहून राहिलो, पाहून राहिलो, आणि शेवटी एका पोरीचं तोंड बिघडवून बसलो.

तिची तुला ओळख नाही. सौंसरच्या कॉलेजात माझ्या वर्गात होती, अजून आहे. मी नाही. सरांनी सगळ्यांसमोर बापाच्या शेतीवरून टोमणा मारला, मी उलटून बोललो, माफी माग म्हणाले तर दार आपटून घरी आलो ते पुन्हा गेलोच नाही. सगळे शिव्या देत होते तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुयी माय जे करे ते तुले येते ना? मग ते तरी कर." म्हणून मी परसात पुन्हा माका लावला, जास्वंद लावली, कोरफड लावली, आणि गाईचं तूप कढवायला शिकलो. बाबा आल्यागेल्याला सांगतात, "पोट्टा कॉलेज सोडून बायांचे तोंडं घासून रायला." मी जे करतो ते आधी तिच्या हातात जातं, मग बाजारात. पण तिला मी कधी काही बोललो नाही. भांडायला माझी जीभ कोसभर लांब आहे, हे बोलायला निघत नाही.

तर मागच्या आठवड्यात तीच हसत हसत म्हणाली, "येत्या इतवारी बोरगावचे पाहुणे येऊन रायले मले पाहाले. पोरगा कंपनीत आहे म्हणे. तुयं ते संत्र्याचं उटणं दे ना." माझ्या डोक्यात जाळ झाला. देतो म्हणालो. आणि घरात संत्र्याचं सालटं नव्हतं. न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेलं तुझं संत्र्याचं झाड डिंक्या रोग लागून कधीच वाळलं. त्याच्यावर तू कधी फवारा मारू दिला नाहीस, बाबांचा पंप पाहिला की झाडाला पाठ लावून उभी राहायचीस. मी पांढुर्ण्याला गेलो आणि स्टेशनजवळच्या ज्यूसवाल्याकडून पिशवीभर सालटं उचलून आणली. मंडीतलीच संत्री ती, वरून चकचकीत, कुठल्या बागेतली, काय मारलेलं, देव जाणे. तू सावलीत सुपात वाळवायचीस, मी टिनावर कडक उन्हात टाकली. दळली, मसूर घातली, हळद घातली, नेऊन दिली.

एक दिवस मला सारखा आठवतो आहे. मी चुलीपाशी बसलेला, तू माझी बाही वर सारतेस आणि ओलं उटणं कोपराच्या आतल्या बाजूला लावतेस, "हालू नोको." तुझं सगळं आधी माझ्याच कोपरावर यायचं. सकाळी तिथं खाजून लाल झालेलं. काकू भांडं घेऊन दारात उभी, तिच्या लेकीला हळद लागायची होती. तू सगळं उटणं उकिरड्यावर नेऊन ओतलंस. काकू म्हणाली, "अवं, एवढ्याशा खाजेनं काय होते?" तू म्हणालीस, "माया लेकराले खाजलं ते दुसऱ्याच्या लेकीच्या तोंडाले नाही लागत." मग नवीन करून दिलंस, तेही अर्धंच भांडं. काकू चिडली तशी हसलीस, "भरून देल्लं तर माणूस परत येत नाही." हे एवढं सगळं मला पाठ आहे, माय. आणि कोपर माझ्याच अंगाला होतं. पण मला घाई होती.

शनिवारी तिचा फोन आला. "काय टाकलं होतंस त्याच्यात? गालभर फोड आले. डोळा उघडून नाही रायला."

"सालटं, मसूर, हळद. दुसरं काही नाही, तुयी शपथ."

"मायी शपथ खाऊ नोको. इतवारी पाहुणे येते हे तुले मालूम होतं."

"मी मुद्दाम काहून करीन असं?"

ती म्हणाली, "तूच सांग ना काहून करशील."

माय, एवढं दार उघडं होतं. आणि मी म्हणालो, मसूर जुनी असन. तिनं फोन ठेवला.

पाहुण्यांना घरच्यांनी ताप आला म्हणून सांगितलं, ते आता पुढच्या इतवारी येणार आहेत. म्हणजे तोंड बरं झालं की येणार. आणि तोंड बरं करायचं तर त्याला शंभरदा पाण्यानं धुतलेलं तूप लागतं, आणि ते या गावात आता मलाच येतं. पाहा कशी गंमत आहे! काल तुझं काशाचं ताट काढलं, गाईचं तूप घेतलं, पाणी घालून तळहातानं घोळत बसलो. घोळायचं, पाणी ओतायचं, पुन्हा नवं पाणी. होतच नव्हतं, हातातून निसटून राहिलं होतं. शेवटी ताट भिंतीवर हाणलं. बाबांनी ते उचललं, पुसलं, माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "तुयी माय गुस्स्यात तुपाले हात नाही लावे." पहिल्यांदाच स्वतःहून तुझं काही बोलले, आणि त्यानंतर बैलांकडे गेले नाहीत, तिथंच बसून राहिले.

आज पुन्हा बसलो तेव्हा जमलं. पांढरंशुभ्र झालं, लोण्यासारखं. माझ्या कोपराला काल त्याच उरलेल्या उटण्यानं मुद्दाम फोड आणले होते, त्यावर लावून पाहिलं, आग थांबली. आता दुपारी सौंसरला जाऊन देऊन येतो. तिनं दारातून हाकललं तर उंबऱ्यावर ठेवून येईन. हा कागद मात्र ताटाखालीच राहील, बाबांच्या हाती लागला तर लागो.

एक सांगायचं राहिलं. तूप भरपूर झालं होतं, डबीत सगळं मावत होतं. मी अर्धीच भरली.