अब्बांचं ‘तुम्ही’

यासीनभाई,

डाळ झाकून ठेवली आहे. दुकानाची किल्ली मिठाच्या बरणीमागे आहे. तू बलदच्या बाजारातून परतशील तेव्हा मी विमानात असेन. आपल्या अरब मालकाने, कफीलने, सुटी दिली. त्याने कारण विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

आपल्या जन्माआधीपासून अब्बा ज्या खोलीचं भाडं भरत आले, ती नगरपालिकेकडून त्यांच्याच नावावर विकत घ्यायची, हे आपण दोघांनी ठरवलं. पण नगरपालिका ती तिथे राहत्या भाडेकरूलाच विकते, आणि मुझम्मिलने रंगकामाचं निमित्त करून अब्बा-अम्मींना तिथून हलवून स्वतःच्या घरी नेऊन ठेवलं आहे. ‘चुलतभाऊच तो, परका थोडाच?’ असं तू म्हणालास. उद्या दुपारी अब्बा त्याला त्या खोलीचं मुखत्यारपत्र करून देणार, कारण तूच त्यांना सही करा म्हणालास.

काल मी फोन केला. अब्बा म्हणाले, “तुम्ही काळजी करू नका, सगळं ठीक आहे.” भाई, हे मला! उभ्या आयुष्यात त्यांनी मला ‘मेल्या’वाचून हाक मारलेली नाही. त्या ‘तुम्ही’च्या आड कुणीतरी उभं होतं, आणि त्याचा श्वास मला या समुद्राच्या अलीकडे ऐकू येत होता.

त्यांना फोन कर. तुझा शब्द ते मोडत नाहीत. तुला ‘तू’ म्हणाले, तर सही करू नका असं सरळ सांग. ‘तुम्ही’ म्हणाले, तर माझ्या येण्याविषयी अवाक्षर काढू नकोस. पाऊस कसा आहे एवढं विचार, आणि फोन ठेव.

हाशिर