चाळीस पावले सरकलेली रास

मी, एलिंग ग्रोविक, वय एकाहत्तर, निवृत्त भूमापक, राहणार ग्रोविक, नॉर्डफ्योर्ड, पूर्ण शुद्धीत असताना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो. दुसऱ्याने लिहिलेल्यावर माझा भरवसा नाही.

१. घर व कुरण माझी मुलगी सॉल्वाय हिला. जावयाला नाही; तो फार गोड बोलतो.

२. थिओडोलाइट, म्हणजे माझी कोन मोजायची दुर्बीण, तीही तिलाच. जावयाने तिला हात लावू नये.

३. होडी लिलावात काढावी. माझा मेहुणा आनफिन याला बोली लावू देऊ नये. १९०६ साली आम्ही दोघांनी हिमनदीने कोरलेले इथले कडे नकाशासाठी मोजले. स्कोरा शिखरावर मी लोखंडी खुंटी ठोकली, तिच्यावर दगडांची रास रचली. पुढल्या उन्हाळ्यात त्या राशीवरून मोजलेले नकाशाचे त्रिकोण जुळेनात. रास खुंटीपासून चाळीस पावले दूर! इथले कोळी अशी रास आणि चर्चचा मनोरा एका रेषेत धरून मासळीची जागा शोधतात. इतरांच्या होड्या चुकाव्यात म्हणून आनफिननेच ती हलवली, असे मी वरिष्ठांना कळवले. त्याची नोकरी गेली. तो म्हणाला होता, "दाजी, वादळानंतर रास तुम्हीच रचलीत. मी दगड देत होतो. आठवून बघा." मी आठवून बघितले नाही.

४. आनफिनला साक्षीदार म्हणून मुद्दाम बोलावले आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. त्याची सही आधीच घेतली आहे. "कॉफी तरी मिळेल ना, दाजी, की तीही कायद्यात बसत नाही?" असे त्याने विचारले. कॉफी दिली.

५. मोजणीच्या सतरा वह्या शाळेला. मास्तर पाने फाडतील या संशयाने आज एकेक पान मोजायला बसलो. १९०६च्या वहीत माझ्याच अक्षरात सापडले: "२ सप्टेंबर. वादळाने रास कोसळली. धुक्यात पुन्हा रचली. खुंटी सापडली नाही. उद्या पाहू."

मी पाहिले नाही. एकतीस वर्षे एका निर्दोष माणसाला लबाड समजलो. मला लाज वाटते.

६. कलम ३ रद्द. होडी, वल्ही व जाळ्यांसह, आनफिनला. वही त्याच्यापुढे धरली. त्याने दोनदा वाचली. मग मी विचारले, तुझी सही खोडू का?

"खोडा की. पण या खेपेला जागा नीट बघून, दाजी."

ग्रोविक, १४ ऑक्टोबर १९३८
सही: एलिंग ग्रोविक

साक्षीदार:
आनफिन म्यूरे (नाव मी खोडले. ए. ग्रो.)
टोर्गेर नेस, पोस्टमन
बोर्गहिल्ड नेस, त्याची पत्नी